जिन्यातली दीड फूट जागा

मालधक्क्यामागच्या वस्तीत तिला सगळे टेपताई म्हणत. हातात टेप नाही अशी तिला कुणी पाहिलीच नव्हती. कुणी पाणी दिलं तर एका हातात पेला धरून दुसऱ्या हाताने ती ओट्याची उंची घ्यायची, आणि माप विसरू नये म्हणून ते मोठ्याने म्हणत घरभर फिरायची. अंगाने काटकुळी, पण आवाज असा खणखणीत की चार घरांपलीकडच्या सासूने सुनेला विचारावं, कोण गं भांडतंय? भांडत कुणी नसायचं. ताई खिडकी मोजत असायची.

शिकून आर्किटेक्ट झाली खरी, पण हे मोजण्याचं वेड कॉलेजातलं नव्हे, घरातलं. बाप सुतार. दारं, खिडक्या, चौकटी ह्यांतच त्याची हयात गेली. त्याची एक रीत होती, आणि त्यापायी लोक त्याला हसायचे. दार बसवून झालं की तो भरलेल्या दोन बादल्या दोन हातांत घ्यायचा आणि कोपराने दार ढकलून आत जाऊन बघायचा, मग बाहेर येऊन बघायचा. मोकळ्या हाताने कुठलंही दार उघडतं, त्यात काय मोठंसं, असं त्याचं म्हणणं. घरातल्या माणसाचे हात मोकळे असतात कधी? कॉलेजात पहिल्याच वर्षी तिने ही गोष्ट वर्गात सांगितली, तेव्हा सर म्हणाले होते की ह्या एका वाक्यावर मी तुमचा अर्धा तास घेणार आहे, आणि त्यांनी तो घेतलाही.

बापाच्या जोडीला तीस वर्षं एकच रंगारी. तिचे रंगारी काका. बापाने दार करायचं, काकांनी ते रंगवायचं, आणि दोघांनी जन्मभर एकाच गोष्टीवरून भांडायचं. बाप म्हणायचा, तुझ्या रंगाखाली माझं लाकूड झाकलं जातं. काका म्हणायचे, झाकतो म्हणूनच तर तुला पुढचं काम मिळतं. काका सहा फुटांवर दोन बोटं उंच. घरी आले की दारात आधी वाकायचे आणि आत येऊन म्हणायचे, सुताराच्या घरी एवढा मान द्यावाच लागतो. ती आर्किटेक्टची परीक्षा पास झाली तेव्हा बाप नुसता खाकरला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. काकांनी मात्र ज्याच्या त्याच्या भिंती रंगवताना गावभर सांगितलं की आमची पोरगी आता घरं काढते.

खरं तर पहिलं वर्षभर तिने फक्त संडास काढले. ऑफिसात नव्या माणसाच्या वाट्याला तेच येतं. इमारत कुणीतरी दुसरा काढतो, आणि हिने त्यातल्या संडासांच्या फरश्या कुठून सुरू होणार, कुठे संपणार ते काढायचं. ऑफिस होतं मोठ्या साहेबांचं. केस पांढरे, चष्मा कायम कपाळावर, बोलणं तोलूनमापून. ‘छान’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काम फारच आवडलं तर म्हणायचे, “चालेल.”

दुसऱ्या वर्षी गोदाम-कामगारांच्या चार मजली इमारतीचं काम आलं आणि त्यात ती पहिल्यांदा संडासाबाहेर पडली. घोडं अडलं होतं ते स्वयंपाकघरात. ओटा बसत होता, मोरी बसत होती, पण डबे-भांडी ठेवायला भिंतीत एक फडताळ काही केल्या निघत नव्हतं. आणि फडताळ नसलेल्या स्वयंपाकघरात बाईने डबे काय डोक्यावर ठेवायचे? आठ दिवस तिने डोकं खाजवलं आणि नवव्या दिवशी तिला जागा सापडली. जिन्यात. जिना जिथे वळतो तिथे सगळीकडे एक सपाट चौकोनी जागा असते, पाय टेकायला. ती काढून टाकली आणि तिथे पंख्याच्या पात्यांसारख्या तिरप्या, त्रिकोणी पायऱ्या बसवल्या, की जिना तितकाच चढतो पण आखडतो. दीड फूट जागा सुटते. त्या दीड फुटातून दोन्ही बाजूंच्या घरांना एक-एक फडताळ निघालं. नियमात सगळं बसत होतं, तिने दोनदा पुस्तक उघडून पाहिलं.

मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बराच वेळ कागद पाहिला आणि म्हणाले, “चालेल.” दोन दिवसांनी पाहुण्यांसमोर त्यांनी तो कागद स्वतः उलगडला आणि हे आमच्या ह्या पोरीने काढलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती बसने गेली नाही, अख्खा रस्ता चालत घरी आली. कुणीही आली असती. पंचविसाव्या वर्षी कौतुक डोक्यात जातं, आणि गेलं तर त्यात तिचा काही फार मोठा गुन्हा नव्हता.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. त्या जिन्यावरून भरलेल्या दोन बादल्या न्यायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. कागदावर तिने जिन्यात माणसं काढली होती, प्रमाणाला धरून, बोटभर उंचीची. एक चढत होतं, एक उतरत होतं, एकाच्या हातात पिशवी होती. नकाशातली माणसं नेहमी चालतीफिरती असतात, आणि ह्या धंद्यातला प्रत्येक जण ती तशीच काढतो. आडवं पडलेलं माणूस कुणीच काढत नाही.

इमारत उभी राहिली आणि योगायोग असा की तिथे रंगकामाला रंगारी काकाच आले. त्यांची बायको गोदामात माल बांधायच्या कामावर होती, त्यामुळे पुढे तिसऱ्या मजल्यावरचं एक घरही त्यांना मिळालं. काका रंगवताना एकदा हिला म्हणाले, “तुझ्या जिन्याने माझी शिडी अडवली गं. वळेचना. शेवटी दोरीने खिडकीतून वर घेतली.” ती खो-खो हसली. काकाही हसले. दुसऱ्या दिवशी तिने हा किस्सा ऑफिसात सांगितला, तिथेही हशा पिकला. पुढची तीन-चार वर्षं तो किस्सा ती रंगवून रंगवून सांगत होती.

मग मालधक्क्यामागच्या वस्तीचं काम आलं. पत्र्याच्या खोल्या पाडून तिथे सहा इमारती उठवायच्या होत्या, एकशे चव्वेचाळीस घरं. इथे मात्र टेपताईने असं काम केलं की नाव काढावं. वस्तीतल्या लोकांसमोर नकाशा पसरला की सगळे माना डोलवायचे आणि कुणाला काही कळलेलं नसायचं, हे तिने पहिल्याच बैठकीत हेरलं. तिने काय केलं, शेजारच्या मोकळ्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर खऱ्या मापात आखलं. इथे दार, इथे ओटा, इथे फडताळ. आणि सांगितलं, या, राहून बघा. लोक आधी लाजले. मग एका बाईने खाट आणून टाकली. कुणी स्टोव्ह आणला. वस्तीच्या समितीचे प्रमुख होते रिटायर झालेले बस कंडक्टर, त्यांना सगळे कंडक्टरमामा म्हणत. ते दारात उभे राहून “पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे” करत एकेका कुटुंबाला आत सोडायचे. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी चुन्याच्या फडताळापुढे बसून कुठल्या फळीवर कुठलं कापड ठेवायचं तेही ठरवून टाकलं. महिनाभर घरं पुसली, पुन्हा आखली. शेवटी एकशे चव्वेचाळीस घरांच्या सह्या-अंगठे नकाशावर पडले. नकाशात जिना मात्र जुन्याच इमारतीचा होता. जमलेली गोष्ट पुन्हा कशाला उकरायची, असं मोठे साहेब म्हणाले होते, आणि तिलाही ते पटलं होतं. आणि जिना काही चुन्याने जमिनीवर आखता येत नाही. त्यामुळे तेवढा एक सोडून बाकी सगळ्यावरून लोक चालून गेले.

बांधकाम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून साहेबांनी तिला तीन महिने शहरं बघायला पाठवलं. बघ, माप, लिहून आण, एवढंच सांगितलं. ती चार शहरं हिंडली. बसस्टॉपवरची बाकं मोजली. एका शहरात बाकं इतकी उंच होती की म्हाताऱ्यांचे पाय लोंबकळत. दवाखान्यांची दारं मोजली. तिसऱ्या शहरात तिला उंच, चिंचोळी, एकमेकांना चिकटलेली जुनी घरं दिसली. प्रत्येक घराच्या माथ्यावर बाहेर आलेली एक तुळई आणि तिला लोखंडी आकडा. जिने इतके अरुंद की पलंग, कपाट काही वर जात नाही, सगळं दोरीने बांधून खिडकीतून घ्यायचं. तिला ते फार गोड वाटलं. वहीची चार पानं तिने त्या आकड्यांनी भरली. कपाट खिडकीतून जातं, पण आजारी माणूस खाली कसा येतो, असं तिने कुणालाही विचारलं नाही.

चौथ्या शहरात ती एका धोबीखान्यावरच्या खोलीत राहत होती. दुपारी जेवून वही काढली आणि बापाचा फोन आला. बाप फोनवर कधीच धड बोलत नसे. म्हणाला, रंगारी गेला. पुढे काही बोलेना. कधी, कसं, ती विचारत राहिली, तर म्हणाला, परवा दुपारी, हार्ट. आणि फोन आईकडे दिला. आई रडत होती, तिच्याकडूनही काही कळलं नाही. टेपताई त्या परक्या खोलीत पलंगावर बसून राहिली. काका दारात वाकायचे ते तिला सारखं डोळ्यांपुढे दिसत होतं. दौरा तिथेच सोडून ती निघाली.

काकूंकडे ती गेली, त्याच जिन्याने. दुसऱ्या वळणावर भिंतीचा रंग खरवडला होता, चांगला हातभर, आतलं प्लास्टर दिसत होतं. ती तिथे थांबली आणि मग वर गेली.

काकू बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि मग न विचारताच सगळं सांगितलं, जणू सांगायला कुणीतरी हवंच होतं. दुपारची वेळ. काका जेवून उठले आणि छाती धरून खाली बसले. शेजाऱ्यांनी फोन केला, गाडी दहा मिनिटांत दारात आली. माणसं स्ट्रेचर उभं करून वर घेऊन आली. काकांना त्यावर झोपवलं, पट्टे बांधले आणि पहिल्याच वळणावर ते अडलं. पुढचा वर धरतो, मागचा खाली घेतो, पण वळेचना. एवढा उंच माणूस. पुन्हा वर आणलं, पट्टे सोडले, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि चादरीने बांधलं. दुसऱ्या वळणावर खुर्चीचा पाय त्या तिरप्या पायरीत अडकला. तिसऱ्या मजल्यावरून दारापर्यंत पंचवीस मिनिटं लागली. आणि काका शुद्धीवर होते.

“सारखे म्हणत होते, मला आडवं करा,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू येत होतं. पण आडवं करणार कुठे?”

हॉस्पिटलातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं का, ते सांगता येत नाही. असतंही, नसतंही. काकूंनी ते वाक्य तिला दोनदा सांगितलं. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या की तू जिवाला लावून घेऊ नकोस हो. तू तेव्हा नवी होतीस, तुला कोण विचारतंय. कुठल्यातरी कंत्राटदाराने जागा मारली असणार, ह्या लोकांना काय, दोन विटा वाचल्या की झालं.

इथे गप्प बसणं सोपं होतं. समोरच्या बाईने स्वतःच्या हाताने तिला सोडवलं होतं. मान खाली घालून दोन थेंब गाळायचे आणि घरी जायचं, कुणी म्हणून काही म्हटलं नसतं. कंत्राटदार नावाचा प्राणी असतोच कशाला मग? त्याच्या डोक्यावर आणखी एक पाप, त्याने त्याचं काय बिघडणार होतं?

“काकू, जिना मी काढला,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यातून आला तो. मी नको म्हणत होते आणि कुणी माझ्यावर लादला, असं काही नाही. मला त्याची शाबासकी मिळाली. आणि काकांनी शिडीचं सांगितलं तेव्हा मी हसले.”

काकूंनी हात काढून घेतला. उठल्या, गॅसवर काही नव्हतं तरी जाऊन गॅसचं बटण बघून आल्या.

“हे मला कशाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं. “तुला हलकं वाटावं म्हणून? आत्तापर्यंत मी कुणाला तरी शिव्या देत होते, बरं वाटत होतं. आता तुला देऊ? लहानपणी ह्याच मांडीवर झोपायचीस तू.”

ती रडायला लागली, तेव्हा काकू जरा करड्या आवाजात म्हणाल्या की रडू नकोस, मला आता दुसऱ्याचं रडणं बघवत नाही. मग बाहेर बघत त्यांनी विचारलं, “अजून कुठे बांधताय का तसला?”

“वस्तीत. सहा इमारती. पुढच्या महिन्यात सुरू होतायत.”

“मग इथे काय करतेस? तिकडे जा.”

घरी येऊन तिने बापाला सांगितलं. बाप पटाशीला धार लावत होता, तो थांबला. तिला वाटलं आता हा बोलेल, ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “शिडीचं त्याने मलाही सांगितलं होतं. मीही हसलो होतो.” आणि पुन्हा धार लावायला लागला, पण हात चालेना. पटाशी त्याने तशीच बाजूला ठेवून दिली.

मोठे साहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. पण त्यांचंही खरं होतं. जिना नियमात होता. आता तो बदलायचा तर दीड फूट परत जिन्यात घालायचा, म्हणजे दोन्हीकडची फडताळं गेली, आणि ज्या नकाशावर एकशे चव्वेचाळीस घरांनी सह्या केल्यात तो आपल्या मनाने बदलणारे आपण कोण? आणि जुन्या इमारतीत अजून चोवीस घरं राहतायत, त्यांना काय तोंड दाखवणार? टेपताई म्हणाली, दाखवीन. जुना जिना काँक्रीटचा, तो पाडता येणार नव्हता. तिथे पट्ट्यांची, चाकांची, आजारी माणसाला उतरवायची खुर्ची तळमजल्यावर ठेवून घेता आली, ती तिने पुढे ठेवून घेतली. त्याहून जास्त काही झालं नाही, होण्यासारखंही नव्हतं. वस्तीबद्दल साहेब म्हणाले की लोकांनी लिहून दिलं तर बदलतो. त्याआधी एक रेघ हलणार नाही.

वस्तीची बैठक शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरली. टेपताईने उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं. शाबासकीही सांगितली, शिडीही सांगितली. त्या दिवशी तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. हे त्या वस्तीत पहिल्यांदाच घडत होतं. ही तर आपली माणूस, आपण हिला घरात घेतलं, हिच्या हाती मापं दिली, आणि ही काय सांगतेय? थोड्या वेळाने शिवणकाम करणाऱ्या ताईंनी चाचरत विचारलं की फडताळ अख्खं जाणार, की निम्मं राहील? अख्खं, टेपताई म्हणाली. ताईंनी मान हलवली आणि खाली बसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पत्र्याच्या खोलीत ज्या बाईने वीस वर्षं कापडाचे गठ्ठे पलंगाखाली ठेवले, तिला फडताळ म्हणजे काय ते विचारा.

कंडक्टरमामांनी मग घसा खाकरला. झालं ते फार वाईट झालं, म्हणाले. पण बरोबर काय ते बोलायला हवं. रोज उठून डबा ठेवायचा की आयुष्यात एकदा कधीतरी आडवं जायचं, त्याची सोय बघायची? आणि मरणारा माणूस रुंद जिना असला तरी मरतोच. “ताई, आम्हाला मरणाची भीती घालू नका. आम्ही ती रोज बघतो.”

ती म्हणाली, भीती नाही घालत. पुढच्या रविवारी मैदानावर या. तुम्ही घर चालून बघितलंत, जिना तेवढा राहिला होता.

तो आठवडा बापलेकीने मैदानावर काढला. काँक्रीट ओतायच्या साच्याच्या जुन्या फळ्या मागून आणल्या आणि त्यांचे दोन जिने उभे केले, शेजारी शेजारी. एक त्रिकोणी पायऱ्यांचा, जसा नकाशात होता तसा. दुसरा दीड फुटाने मोठा, वळणावर सपाट जागा असलेला. दोन्ही बाजूंना फळ्यांच्याच भिंती, म्हणजे कुणाला हात बाहेर काढून सोय करून घेता येऊ नये. प्रत्येकाला एकच वळण. बापाने एरवी कधी कच्च्या कामाला इतकं घासलं नव्हतं, पण त्या दोन्ही जिन्यांच्या कठड्यांवरून त्याने रंधा फिरवला. बोलणं म्हणजे हातोडी दे, फळी धर, एवढंच.

रविवारी अख्खी वस्ती लोटली. दवाखान्यातून एक स्ट्रेचर मागून आणलं होतं. झोपणार कोण, म्हणताच सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कंडक्टरमामा पुढे झाले. म्हणाले, आयुष्यभर उभ्याने प्रवास केला, एकदा आडव्याने करू द्या. लोक हसले. पट्टे बांधले, मालधक्क्यावर माल उचलणारे चौघे तगडे जण लागले आणि त्रिकोणी पायऱ्यांच्या जिन्यावरून त्यांना उतरवायला सुरुवात केली. मामा झोपल्या झोपल्या “पुढे सरका, पुढे सरका” करत होते. वळण आलं. पुढच्याने उचललं, मागच्याने दाबलं. डावीकडे घे, अरे डावीकडे, तुझी डावी नव्हे माझी. अजून हसू होतं. मग मामांचं डोकं खाली आणि पाय वर झाले, स्ट्रेचरचं टोक फळीत रुतलं, खालच्या माणसाचा पाय त्या तिरप्या पायरीवर ठरेना आणि तो गुडघ्यावर आला. मामांनी दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. पट्टा छातीवर होता, उठता येत नव्हतं. आता कुणी हसत नव्हतं. मामा हळू आवाजात म्हणाले, “आडवं करा मला.”

टेपताईला ते ऐकवलं नाही. तिने तोंड फिरवलं. तिचा बाप पुढे झाला आणि त्याने स्वतः पट्टे सोडले. मामा खाली उतरून पायरीवर बसले, कपाळावर घाम आला होता. कुणीतरी पाणी आणलं. ते पिऊन त्यांनी कागद मागवला, गुडघ्यावर ठेवूनच सही केली आणि म्हणाले, कपाट काय, मी कपाटाशिवाय पन्नास वर्षं काढली. त्यांच्यामागून शिवणकामवाल्या ताई आल्या. त्यांनी फडताळाचं काही काढलं नाही, सही केली आणि कागद पुढच्या बाईकडे दिला. मग रांगच लागली.

टेपताई त्या कागदाकडे बघत उभी होती. तिला बरं वाटायला हवं होतं. तेवढ्यात गर्दी जरा बाजूला झाली आणि काकू पुढे आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दोन बस बदलून एकट्याच आल्या होत्या, आणि मामांचं सगळं त्यांनी मागे उभं राहून बघितलं होतं. बापाने त्यांना पाहिलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली. काकू मोठ्या जिन्याच्या माथ्याशी गेल्या आणि चपला काढल्या.

“मला झोपवा,” म्हणाल्या.

टेपताईने पट्टे बांधले. बक्कल लागेना, तर काकूंनी ते स्वतः लावून घेतलं. चौघांनी उचललं. पायऱ्या उतरले, वळणावर आले, सपाट जागेवर दोन पावलं टाकली, वळले आणि खाली आले. कुणाला डावीकडे-उजवीकडे म्हणावं लागलं नाही. भिंतीला काही घासलं नाही. काकू सरळ, आडव्या, वर आभाळाकडे बघत खाली आल्या.

चौघे स्ट्रेचर धरून उभे राहिले. टेपताई पट्टा सोडायला वाकली.

“झालं?” काकूंनी विचारलं.

“झालं, काकू.”

काकूंनी तिचा हात पट्ट्यावरून बाजूला केला. डोळे मिटले. त्यांच्या कानांवरून पाणी खाली केसांत जात होतं.

“पुन्हा एकदा न्या,” त्या म्हणाल्या.

चौघांनी त्यांना पुन्हा वर नेलं, आणि ह्या वेळी पुढच्या दांड्याला टेपताईचा बाप लागला.